इंग्रजीतील 'हॅव्ह' आणि आपले 'आहे'

इंग्रजी भाषेतील अवघड शब्द कोणते, असे विचारले तर बहुतेक माणसे लांबलचक आणि क्वचित भेटणाऱ्या शब्दांची नावे घेतील. वास्तविक असे शब्द फारसा त्रास देत नाहीत. त्यांना बहुधा एकच अर्थ असतो. तो कोशात पाहिला की काम भागते. विद्यार्थ्याला जन्मभर चकवतात ते रोज उठून भेटणारे, चिमुकले शब्द. 'हॅव्ह' हा त्यांतला पहिल्या मानाचा. इंग्रजीत सर्वांत अधिक वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांत 'बी'च्या खालोखाल त्याचेच नाव घ्यावे लागते. पहिल्या इयत्तेतले मूल तो शिकते, आणि पदवी घेतलेला तरुण नोकरीच्या अर्जात तोच चुकवतो.

चूकही ठरलेली आहे. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय अ‍ॅम हॅविंग फाइव्ह इयर्स एक्स्पीरियन्स'. मुलाखत घेणारा हे वाक्य ऐकतो आणि मनातल्या मनात उमेदवाराच्या नावापुढे एक रेघ मारतो. उमेदवाराला पाच वर्षांचा अनुभव खरोखरच असतो. पण तो अनुभव सांगणाऱ्या पहिल्याच वाक्याने त्याची बाजू लंगडी होते. शाळेत याच वाक्याखाली तांबडी शाई ओढली गेलेली असते आणि 'लक्ष दे' असा शेराही मिळालेला असतो. परंतु ही निष्काळजीपणाची चूक आहे, असे म्हणून प्रश्न सुटत नाही. निष्काळजी माणूस दर वेळी वेगळी चूक करतो. एकच चूक जेव्हा हजारो माणसे एकाच रीतीने करतात, तेव्हा तिच्यामागे काही नियम असला पाहिजे. तो नियम आपल्या घरच्या भाषेत सापडतो.

हुबळी-धारवाडच्या मराठी घरातील मूल तीन भाषांत वाढते. घरात मराठी, रस्त्यावर आणि बाजारात कन्नड, पुस्तकात इंग्रजी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन हा जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. घरातील बोली मात्र सरहद्दीबरोबर हलली नाही. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे १८९६ साली धारवाडातच जन्मले, आणि त्यांच्या घरची भाषा मराठी होती. दोन भाषा एका जिभेवर सुखाने नांदू शकतात, याला याहून मोठा दाखला शोधायला नको. या दोन भाषांची कुळे वेगळी. मराठी ही संस्कृत-प्राकृताच्या वंशातली, कन्नड ही द्राविडी. तरीही 'हॅव्ह'च्या बाबतीत दोघींची साक्ष एकच पडते. या अर्थाचे क्रियापद दोघींपाशीही नाही.

हे ऐकून कोणी दचकेल. मराठी माणसापाशी काहीच नसते की काय? पुष्कळ असते, पण ते 'असते'. इंग्रज म्हणतो, 'आय हॅव्ह अ बुक'. या वाक्यात 'मी' हा कर्ता आहे, पुस्तक हे कर्म आहे, आणि जणू मी त्या पुस्तकावर काही क्रिया करीत आहे, असा थाट आहे. मराठी म्हणते, 'माझ्याजवळ पुस्तक आहे.' येथे कर्ता पुस्तक. ते आहे, कुठे आहे, तर माझ्याजवळ. कन्नडमध्ये 'नन्न हत्तिर पुस्तक इदे'. 'हत्तिर' म्हणजे जवळ आणि 'इदे' म्हणजे आहे. शब्दाखाली शब्द ठेवून सारे वाक्य उतरविता येते. संस्कृतात 'मम पुस्तकम् अस्ति'. लॅटिनमध्ये 'हाबेरे' हे स्वतंत्र क्रियापद आहे, पण तिथेही 'मिही एस्त लिबेर', म्हणजे अक्षरशः 'मला पुस्तक आहे', ही रचना प्रतिष्ठितच होती. रशियन माणूस 'माझ्यापाशी आहे' असे म्हणतो, अरबही तसेच म्हणतो, आणि खुद्द इंग्लंडच्या शेजारी आयर्लंडची जुनी भाषाही 'पुस्तक माझ्यापाशी आहे' अशीच बोलते. एमील बेन्व्हेनिस्त या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली फ्रेंच भाषेत लिहिलेल्या एका निबंधात हाच विषय घेतला होता. 'हॅव्ह'सारखे क्रियापद जगातील थोड्याच भाषांत आहे, बहुतेक भाषा 'असणे' याच क्रियापदावर हा व्यवहार भागवितात, असे त्याने दाखवून दिले. तेव्हा या पंगतीत वेगळी बसलेली इंग्रजी आहे, मराठी नव्हे. वर्गात ही गोष्ट एकदा स्पष्ट सांगितली, तर मुलाच्या मनावरचे अर्धे ओझे उतरते. आपली भाषा अपुरी आहे, म्हणून आपल्याला इंग्रजी जमत नाही, असे त्याला वाटत असते. त्या समजुतीला काही आधार नाही.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. लॅटिनचे 'हाबेरे' आणि इंग्रजीचे 'हॅव्ह' ही दिसायला सख्खी भावंडे. अर्थही एक, आवाजही जवळजवळ एक. पण भाषाशास्त्राच्या नियमांनी तपासले असता त्यांचे काही नाते लागत नाही. 'हॅव्ह'चा लॅटिनमधील खरा आप्त आहे 'कापेरे', म्हणजे पकडणे, हस्तगत करणे. आणि 'हाबेरे'चे नाते पोचते ते इंग्रजी 'गिव्ह'शी, म्हणजे देण्याशी! असो. पकडणे हा 'हॅव्ह'चा मूळ अर्थ लक्षात ठेवावा. जे मुठीत धरता येते तेथून हा शब्द निघाला, आणि भाऊ, ताप, वेळ, धीर अशा मुठीत न मावणाऱ्या गोष्टींपर्यंत हळूहळू पसरला.

कोणी शंका घेईल की मराठीत 'बाळगणे' आहे ना? आहे खरे. पण 'बाळगणे' म्हणजे मुद्दाम, जाणूनबुजून जवळ ठेवणे. माणूस अभिमान बाळगतो, भीती बाळगतो. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल पोलीस पकडतात. दोन भाऊ कोणी बाळगत नाही.

इंग्रजी एका 'हॅव्ह'मध्ये जे सारे कोंबते, ते मराठी उलगडून वेगवेगळ्या खणांत ठेवते. नाते सांगायचे असेल तर 'ला': 'मला दोन भाऊ आहेत.' हातात, खिशात, घरात असलेली वस्तू सांगायची तर 'जवळ', 'पाशी' किंवा 'कडे': 'तिच्याकडे छत्री आहे.' मालकी सांगायची तर 'चा, ची, चे': 'दुर्गदबैलात त्याचे दुकान आहे.' अंगचा गुण सांगायचा तर 'तिच्या अंगी धीर आहे', आणि दुखणे सांगायचे तर पुन्हा 'ला': 'मला ताप आहे.' वस्तूचा भाग किंवा अवयव सांगतानाही 'ला'च येतो: टेबलाला चार पाय आहेत, घराला दोन दारे आहेत. हुबळीच्या रेल्वे स्थानकाला १५०७ मीटर लांबीचा फलाट आहे. २०२३ साली त्याचे उद्घाटन झाले तेव्हा तो जगातील सर्वांत लांब म्हणून गाजला. आता पाहा, फलाट हा स्थानकाचा अवयव, म्हणून 'स्थानकाला'. पण उणकलचे तळे शहराचा अवयव नव्हे, ते शहरात वसलेले आहे. म्हणून आपण 'हुबळीला तळे आहे' असे न म्हणता 'हुबळीत तळे आहे' असे म्हणतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'हॅज'. स्थानक फलाट 'हॅज', शहर तळे 'हॅज', टेबल चार पाय 'हॅज', रोगी ताप 'हॅज'. मराठी मूल हे भेद कोणी न शिकविता पाळते, यातच त्याची केवढी व्याकरणशक्ती दिसते!

हे खण चुकले की अर्थ बदलतो. 'त्याला दोन मुलगे आहेत' म्हणजे तो दोन मुलांचा बाप. 'त्याच्याकडे दोन मुलगे आहेत' म्हटले की ऐकणारा विचारील, कामाला की शिकायला? 'त्याच्याजवळ दोन मुलगे आहेत' म्हणजे बहुधा ते शेजारी उभे आहेत. मराठी शिकणाऱ्या इंग्रजाची नेमकी इथे फजिती होते, कारण त्याच्या मनात एकच 'हॅव्ह' असतो. आपली आणि त्याची अडचण एकच, फक्त उलट्या दिशेची. १५७९ साली गोव्यात येऊन कोकणी व्याकरण रचणारा फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होता आणि त्याने ते व्याकरण लिहिले पोर्तुगीज भाषेत. त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, ते रायतूरला छापले गेले. इंग्रजी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांत 'हॅव्ह'च्या जातीचे क्रियापद आहे; कोकणीत ते नाही, तिथे 'म्हाका दोन भाव आसात' असेच म्हणावे लागते. आज धारवाडचे मूल जी वाट चढते, ती वाट चार शतकांपूर्वी तो पंडित उतरला होता.

कन्नडचे खणही पुष्कळसे असेच आहेत. नात्याला आणि तापाला 'गे': 'ननगे इब्बरु तम्मंदिरु इद्दारे', 'ननगे ज्वर इदे'. वस्तूला 'हत्तिर'. मराठीतील 'मला' आणि कन्नडमधील 'ननगे' यांचे काम इतके सारखे आहे, की बोलणाऱ्याला एका भाषेतून दुसरीत जाताना वाक्याचा सांगाडा बदलावा लागत नाही, केवळ शब्द बदलले की झाले. सांगलीजवळच्या कुपवाड गावात जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी मराठी, कन्नड व उर्दू बोलणाऱ्यांचे बोलणे तपासले आणि १९७१ साली आपला निष्कर्ष छापला. पिढ्यान् पिढ्या शेजारी राहून त्या गावच्या भाषांची वाक्यरचना जवळजवळ एक झाली होती, शब्द तेवढे आपापले राहिले होते. सीमाभागातील कोणत्याही माणसाला यात नवल वाटणार नाही. इंग्रजीच्या वर्गात मात्र याचा परिणाम असा होतो, की मुलाला घरची आणि दारची अशा दोन्ही भाषा एकाच बाजूला ओढतात.

ती ओढ कशी काम करते ते पाहण्यासारखे आहे. प्रथम वचनाची चूक घ्या. मूल लिहिते, 'ही हॅव्ह टू ब्रदर्स'. गुरुजी म्हणतात, 'ही'पुढे 'हॅज'. मूल पाठ करते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच लिहिते. का? कारण 'त्याला दोन भाऊ आहेत' या वाक्यात कर्ता 'भाऊ' आहे, आणि भाऊ दोन आहेत, म्हणून 'आहेत'. मुलाच्या मनात क्रियापद अनेकवचनी होऊनच बसलेले असते. इंग्रजीत कर्ता 'तो', एकटा. भावांची संख्या दोन असो की दहा, क्रियापदाला त्याचे सोयरसुतक नाही. 'ज्याच्यापाशी आहे तो इंग्रजीत कर्ता. जे आहे ते आपल्याकडे कर्ता', हे एक वाक्य फळ्यावर लिहिले, तर पाठांतराची गरज पुष्कळ कमी होईल.

आता 'आय अ‍ॅम हॅविंग'. शाळेत शिकविले जाते की 'मी जात आहे' म्हणजे 'आय अ‍ॅम गोइंग'. हे बरोबर आहे. यावरून मूल मनाशी गाठ बांधते की 'आहे' म्हणजे 'अ‍ॅम, इज, आर'. मग 'मला दोन भाऊ आहेत' या वाक्यातील 'आहेत' आपला हक्क मागू लागते. 'हॅव्ह'ही शिकविलेले असते, तेही सोडवत नाही. दोघांची सोय लावण्यासाठी 'अ‍ॅम हॅविंग' जन्माला येते. कन्नड या चुकीला दुजोराच देते, कारण 'होगुत्तिद्देने', म्हणजे 'मी जात आहे', याच्या पोटातही 'इद्देने', म्हणजे 'आहे', दडलेले आहे. चूक कशी दिसते? अतिशय तर्कशुद्ध. केवळ इंग्रजीचा तर्क निराळा आहे. जी स्थिती आहे, जी चालू-बंद होत नाही, तिला इंग्रजी 'इंग' लावू देत नाही. भाऊ असणे ही स्थिती आहे. ते आज सकाळी सुरू होऊन दुपारी संपणारे काम नव्हे. 'नो' म्हणजे जाणणे, 'बिलाँग' म्हणजे मालकीचे असणे, ही क्रियापदेही याच कारणाने 'इंग' घेत नाहीत. 'आय अ‍ॅम हॅविंग' ही भारतीय इंग्रजीची एक लकबच आहे, असे आता काही विद्वान म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तथापि परीक्षक आणि मुलाखत घेणारे ते मान्य करीत नाहीत, तोवर मुलाला त्या विद्वानांचा उपयोग नाही.

पण 'हॅविंग' सर्वत्र निषिद्ध आहे असेही मुलांना सांगू नये. जेथे 'हॅव्ह'चा अर्थ काही करणे, घेणे, भोगणे असा होतो, तेथे 'इंग' खुशाल चालते. चहा घेणे, आंघोळ करणे, गप्पा मारणे, जेवणे या साऱ्यांना इंग्रजीत 'हॅव्ह' लागतो, आणि 'आय अ‍ॅम हॅविंग टी' हे निर्दोष वाक्य आहे. यातूनच एक धोका उद्भवतो. 'शी हॅज अ बेबी' म्हणजे तिला मूल आहे. 'शी इज हॅविंग अ बेबी' म्हणजे तिला मूल होणार आहे. आपल्याला दोन मुले आहेत असे कळविण्यासाठी एखाद्या गृहस्थाने 'माय वाइफ इज हॅविंग टू चिल्ड्रेन' असे लिहिले, तर वाचणारा जुळ्यांबद्दल अभिनंदन करायचा!

'हॅव्ह'चा दुसरा संसार साहाय्यक क्रियापदाचा. 'आय हॅव्ह रिटन अ लेटर', मी पत्र लिहिले आहे. इथेही मराठी 'आहे' वापरते, कन्नडही तसेच करते. 'बंदिद्देने' म्हणजे 'मी आलो आहे', आणि पुन्हा त्यात 'इद्देने'. म्हणजे मालकी, चालू क्रिया आणि पूर्ण क्रिया या तिन्ही ठिकाणी आपले एकच 'आहे' राबते. इंग्रजीने वाटणी केली आहे: चालू क्रियेला 'बी', उरलेल्या दोहोंना 'हॅव्ह'. 'आय अ‍ॅम कम्प्लीटेड माय डिग्री' हे वाक्य या वाटणीच्या रेषेवर अडखळून पडलेले असते.

पत्र लिहिण्याशी मालकीच्या क्रियापदाचा काय संबंध, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतो, आणि त्याला गप्प बसवू नये. संबंध आहे. जुन्या इंग्रजीत या रचनेचा मूळ अर्थ 'माझ्यापाशी पत्र लिहिलेले आहे' असा होता. पत्र हे 'हॅव्ह'चे कर्म आणि 'लिहिलेले' हे त्याचे विशेषण. त्या विशेषणाला पुष्कळदा कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे प्रत्ययही लागत असे. पुढे 'लिहिलेले' हा शब्द 'हॅव्ह'च्या शेजारी सरकला, मालकीचा अर्थ विरला, आणि राहिला तो क्रिया पूर्ण झाल्याचा अर्थ. येण्या-जाण्याच्या क्रियापदांना कर्मच नसते, त्यामुळे त्यांच्यात मालकी कसली? म्हणून ती दीर्घकाळ 'बी' घेत राहिली. 'तो आला आहे' याला कित्येक शतके इंग्रज 'ही इज कम' असेच म्हणे. १६११ सालच्या बायबलच्या भाषांतरात अशी रूपे पानोपानी दिसतात. 'ही इज गॉन' हे त्यांतले एक आजही जिवंत आहे. मराठीने हाच भेद दुसऱ्या जागी जपला आहे. 'तो आला आहे', पण 'त्याने पत्र लिहिले आहे'. साहाय्यक क्रियापद तेच ठेवून आपण कर्त्याचे रूप बदलतो. आणि लिहिले, लिहिली, लिहिला हे रूप पत्राप्रमाणे, चिठ्ठीप्रमाणे, लेखाप्रमाणे फिरते, जसे ते पूर्वी इंग्रजीतही फिरत असे.

या संसारात दोन पथ्ये आहेत. पहिले काळाचे. 'हा चित्रपट मी गेल्या वर्षी पाहिला आहे' हे मराठीत शुद्ध आहे. इंग्रजीत 'हॅव्ह सीन' म्हटले की 'गेल्या वर्षी', 'काल' असे ठरीव भूतकाळाचे शब्द शेजारी बसू शकत नाहीत. दुसरे पथ्य प्रश्नाचे. साहाय्यक 'हॅव्ह' स्वतःच पुढे येऊन प्रश्न करतो: 'हॅव्ह यू सीन इट?' मालकीच्या 'हॅव्ह'ला आज 'डू'चा आधार लागतो: 'डू यू हॅव्ह अ पेन?' तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेली आजोबांची पिढी 'हॅव्ह यू अ पेन?' असे विचारीत असे, आणि नातू हसत असे. ते जुन्या ब्रिटिश वळणाचे शुद्ध इंग्रजी होते. नातवाने हसू नये.

तिसरा अर्थ दुसऱ्याकडून काम करवून घेण्याचा. इथे शब्दांच्या क्रमावर सारा भार आहे. 'ही हॅड कट हिज हेअर' म्हणजे त्याने स्वतःचे केस स्वतः कापले होते. 'ही हॅड हिज हेअर कट' म्हणजे त्याने न्हाव्याकडून केस कापून घेतले. शब्द तेच, संख्या तीच. 'कट' कर्माच्या अलीकडे की पलीकडे, एवढाच फरक. मराठीत क्रम हलविला तरी अर्थ सहसा हलत नाही, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटून असतात. म्हणून मराठी विद्यार्थी क्रमाकडे दुर्लक्ष करतो, किंवा सरळ 'आय कट माय हेअर' म्हणून मोकळा होतो. मराठीत याला नेमकी जोडी आहे ती 'घेणे'ची: कापून घेतले, शिवून घेतला, रंगवून घेतले. 'घेतले' ऐकू आले की इंग्रजीत कर्म मध्ये आणि धातुसाधित शेवटी, हे सूत्र सहसा दगा देत नाही. मात्र हीच रचना माणसावर ओढवलेल्या आपत्तीलाही लागते. 'ही हॅड हिज पर्स स्टोलन' याचा अर्थ त्याने पाकीट चोरवून घेतले असा नव्हे. बिचाऱ्याचे पाकीट चोरीला गेले. इथे 'घेतले'चे सूत्र आवरते घ्यावे.

उरला 'हॅव्ह टु', म्हणजे भाग पडणे. हा बोलताना 'हॅफ्टु' असा ऐकू येतो, 'व्ह' चा 'फ' होतो. 'आय हॅव्ह टू ब्रदर्स'मध्ये तसे होत नाही. रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या कान देऊन ऐकणाऱ्याला हा फरक सहज पकडता येईल. मराठीत याला 'लागणे' आहे: 'मला जावे लागते' म्हणजे 'आय हॅव्ह टु गो'. पण आपण पुष्कळदा 'मला जायचे आहे' असे म्हणतो, आणि त्यात इच्छा की सक्ती हे उघड होत नाही. कन्नडचे 'नानु होगबेकु' अगदी असेच दुहेरी आहे. 'बेकु' म्हणजे हवे आणि 'बेकु' म्हणजेच पाहिजे. वडील आजारी पडल्यामुळे शाळा चुकलेल्या मुलाने रजेच्या अर्जात 'आय वाँटेड टु रिमेन अ‍ॅब्सेंट' असे लिहिले, की वाचणाऱ्याला तो उद्धट वाटतो. त्याला म्हणायचे असते 'आय हॅड टु'. उपाय सोपा आहे: इंग्रजीत लिहिण्यापूर्वी ते वाक्य मराठीत 'लागले' घालून म्हणून पाहावे. 'मला गैरहजर राहावे लागले' हे जर जुळले, तर 'हॅड टु'.

नकार केला की हे प्रकरण गंभीर होते. 'यू मस्ट नॉट टेक धिस टॅब्लेट' म्हणजे ही गोळी घेता कामा नये. 'यू डोंट हॅव्ह टु टेक धिस टॅब्लेट' म्हणजे घेतलीच पाहिजे असे नाही, गरज नाही. घेतली तर मनाई नाही. एकात निषेध आहे, दुसऱ्यात सूट. मराठीतील 'ही गोळी घ्यायला नको' या वाक्यात दोन्ही अर्थ मावतात, आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीचा मजकूर घरच्या म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगण्याचे काम पुष्कळ घरांत शाळकरी मुलावरच येते. त्याने 'नको' म्हणून भागविले, तर ऐकणाऱ्याला यातले काय समजायचे? 'घेता कामा नये' आणि 'घेण्याची गरज नाही' हे दोन पर्याय मराठीत आहेत, ते निवडून वापरावे लागतात. हुबळी-धारवाडच्या मुलाला येथे कन्नडचा हात धरता येतो, कारण त्या भाषेने हे दोन अर्थ दोन रूपांत बांधून ठेवले आहेत: 'होगबारदु' म्हणजे जाता कामा नये, 'मस्ट नॉट', आणि 'होगबेकागिल्ल' म्हणजे जाण्याची गरज नाही, 'डोंट हॅव्ह टु'.